पाठमोरी खुर्ची

साळवे सरांच्या शोकसभेत मी चार मिनिटं बोललो. शिस्त, साधेपणा, मराठीवरचं प्रेम, सगळं बोललो. लोकांनी माना डोलावल्या. नंतर एकानं हात धरून सांगितलं, "मुळे सर, छान बोललात, अगदी त्यांच्यासारखं." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना मध्येच उठतो, वर्गात फळ्यावर अर्धं वाक्य लिहून खिडकीपाशी जातो. बायको म्हणाली, "बोलायचं राहिलंय ते लिहून तरी काढा." म्हणून लिहितोय. शोकसभेत जे बोललो ते खोटं नव्हतं, पण ज्या एका गोष्टीमुळे मला सर खरे कळले, ती मी गाळली. ती सांगायची तर एका मुलाला मी खोटारडा ठरू दिलं, हेही सांगावं लागतं.

सर भिंगारचे. तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं त्यांचं घर, आजोबांपासून सगळे मास्तर. आमची शाळा मुलांची, मूळची मिशनची. नंतर एका संस्थेकडे आली. मिशनच्या काळात कुणी एक इंग्रज हेडमास्तर होऊन गेला. त्याच्या गावच्या शाळेत म्हणे शेकडो वर्षांपासून एक रिवाज होता: वर्षातून एकदा मुलांनी गावासमोर उभं राहून कविता म्हणायच्या, हातात कागद न घेता. त्यानं तो इथं आणला. इंग्रजी कविता गेल्या, मराठी आल्या, हेडमास्तर कबरस्तानात गेला, पण जानेवारीतला 'पाठांतराचा दिवस' राहिला. सर स्वतः त्या दिवशी कविता म्हणत मोठे झाले आणि मग तीस वर्षं त्यांनी तो चालवला.

चालवला म्हणजे कसा, ते सांगतो.

मैदानाच्या कडेनं अकरा कडुनिंब होते. सर मुलाला कविता झाडाझाडानं द्यायचे. पहिल्या झाडाखाली पहिलं कडवं, ते पक्कं झालं की दुसऱ्या झाडाखाली दुसरं. कडवं म्हणताना झाडाला हात लावायचा. बारावं कडवं निघालंच तर ते नळापाशी. डिसेंबरात सकाळी सातला मैदानावर दहा-बारा पोरं झाडाझाडाखाली पुटपुटत उभी असायची. रस्त्यानं पळणारे लष्करातले जवान वळून बघायचे. एकानं एकदा कुंपणावरून विचारलं, "मास्टरजी, ये पेड़ों की सज़ा किसको मिली है?" सर म्हणाले, "पेड़ों को."

स्टेजवर उभं राहिलं की डोळ्यांपुढे मैदान आणायचं आणि चालायला लागायचं, एवढीच त्यांची शिकवण. हातवारे नाहीत, आवाजाचे चढउतार नाहीत. एखादा पोरगा फार रंगात आला तर म्हणायचे, "तू कविता म्हणतोयस की कविता तुला विकायचीय?"

एका वर्षी वळवाच्या वादळात पाचवा कडुनिंब पडला. त्यानंतर जो तो चौथ्या कडव्यानंतर अडखळायला लागला. सरांनी पाण्याचं एक जुनं पत्र्याचं पिंप आणून त्या जागी उपडं ठेवलं. "हे पाचवं झाड," म्हणाले. पोरं पिंपाला हात लावून पाचवं कडवं म्हणायला लागली आणि अडखळणं थांबलं. पिंप वाजायचं. त्यामुळे त्या काळातली आमची सगळी पाचवी कडवी जरा ठेक्यात असायची.

पण सरांची खरी गंमत पाठांतराच्या दिवशी. सगळे पाहुणे, पालक स्टेजकडे तोंड करून बसायचे आणि सर पहिल्या रांगेच्या पुढे लाकडी खुर्ची टाकून स्टेजकडे पाठ करून बसायचे. तोंड लोकांकडे. मुलाकडे बघायचंच नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "त्याला मी दिसलो तर तो माझ्या तोंडावर ओळ शोधणार. ती माझ्या तोंडावर नसते. आणि कुणी हसलं तर मला दिसायला नको?"

मुलगा अडला तर कुणी ओळ सांगायची नाही, हा त्यांचा नियम. सांगितलेली ओळ म्हणजे त्यांच्या मते उष्टी ओळ. अडलेल्या मुलाला त्यांचं एकच वाक्य माहीत असायचं, मैदानावर शंभरदा ऐकलेलं: "आठवत नाही म्हणू नकोस. येते आहे म्हण." मग सगळ्यांनी थांबायचं. कविता संपली की सर खुर्ची उचलून मुलाकडे वळवायचे. खुर्ची वळल्याशिवाय टाळी वाजवायची नाही. खुर्ची वळली नाही तर मुलानं समजायचं की काहीतरी राहिलंय.

मीही त्यांचाच विद्यार्थी. नववीत माझ्यावर ती वेळ आली. सातव्या झाडापाशी पोचलो आणि पुढे नुसतं मैदान. हॉलमध्ये कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. पाहुणे म्हणून आलेले एक सुभेदारसाहेब उठून निघाले. सर बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, "बसून घ्या. कविता चालू आहे." सुभेदार बसले. किती वेळ गेला कोण जाणे. पुढे गावात कुणी दोन मिनिटं सांगायचं, कुणी दहा. मला फक्त सरांची पाठ दिसत होती, पांढरा सदरा आणि मानेवरची सुरकुती. त्या पाठीनं मला घाई केली नाही. ओळ आली. आयुष्यात माझ्यावर इतका विश्वास पुन्हा कुणी टाकला असेल असं वाटत नाही. आणि हे सगळं ठाऊक असूनही पुढे जे केलं, ते मी केलं.

घरी काकू, सरांच्या पत्नी, सरांची टिंगल करायच्या. सर वाण्याकडे यादी लिहून न्यायचे नाहीत, तोंडपाठ न्यायचे. परत आले की हमखास एक जिन्नस राहिलेला. "काय राहिलं?" काकू विचारायच्या. सर पिशवी धरून दारात उभे. "येते आहे." काकू म्हणायच्या, "येऊ द्या. तोवर बिनमिठाची आमटी खा."

शाळेच्या फाटकाच्या आत ते मला 'मुळे सर, आपण' म्हणायचे आणि बाहेर पाऊल पडलं की 'अरे मुळे'. मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो त्या दिवशी फाटकाच्या आत मला पहिल्यांदा 'आपण' म्हणाले, तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

आता बावीस वर्षांपूर्वीचा तो जानेवारी.

माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं भरत आली होती. कायम करण्याचा कागद संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर होता. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. कागद समोरच पडलेला, त्यावर पेपरवेट. म्हणाले, "मुळे, यंदा पाहुणे श्रीगोंद्याकडचे आहेत, मोठे आहेत. ते थांबणं-बिंबणं नको. तुम्ही वही घेऊन पडद्यामागे बसा. पोरगं अडलं की सांगून टाका." मी म्हणालो, "साळवे सरांना..." ते म्हणाले, "त्यांना सांगायची काय गरज आहे? त्यांची तर पाठ असते." आणि हसले. मीही हसलो.

त्या वर्षी शेवटची कविता दत्तूची होती. आठवीतला दत्तात्रय, भिंगार बाजारातल्या हमालाचा मुलगा. सर त्याला कधी दत्तू म्हणाले नाहीत, दत्तात्रयच. कविता सरांनीच रचलेली, नदी ओलांडणाऱ्या धनगराची, अकरा कडव्यांची. धनगर नदीशी बोलत बोलत मेंढरं पार नेतो. तिसरं कडवं आणि सहावं कडवं दोन्ही 'मग धनगर नदीला म्हणाला' असंच सुरू होतं. तिसऱ्यात तो वाट मागतो, सहाव्यात तिला थांब म्हणतो.

दत्तू पाच कडवी सुरेख म्हणाला आणि थांबला.

मी पडद्यामागे वही घेऊन उभा होतो. खरं तर त्याला ओळ येत होती, मला आज खात्री आहे. त्याचा ओठ हलला होता. पण पहिल्या रांगेत अध्यक्ष घड्याळ बघत होते. माझा अंगठा वहीवर घसरत होता. 'मग धनगर' दिसलं आणि मी कुजबुजलो, "मग धनगर नदीला म्हणाला, वाट दे." ते तिसरं कडवं होतं.

दत्तूनं क्षणभर मान हलवली. पण मागून आलेला आवाज मास्तरांचा होता. त्यानं तिसरं घेतलं, चौथं, पाचवं, आणि पुन्हा तिथंच येऊन थांबला.  अंगठा त्याच पानावर. मी पुन्हा तेच सांगितलं. आणि पोरगं पुन्हा नदीत उतरलं.

दुसऱ्या फेरीला लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिसऱ्या फेरीला मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, भाईर काढा त्याला, सर्दी व्हईल." सगळा हॉल हसला. श्रीगोंद्याचे पाहुणे डोळे पुसत हसले. सर खुर्चीतून उठले. हात वर करून लोकांकडे बघत राहिले, पण त्या दिवशी कुणी ऐकेना. दत्तू मागच्या दारानं पळाला तेव्हा माझ्या अंगावरून गेला. थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अध्यक्ष, सर, दत्तू आणि मी. अध्यक्ष सरांना म्हणाले, "बघा तुमच्या नियमानं काय केलं. पोराचं हसं झालं." सरांनी दत्तूला विचारलं, "दत्तात्रय, तीनदा मागे का गेलास?"

दत्तू खाली बघत म्हणाला, "मागनं आवाज आला, सर."

"कसला आवाज?"

"वळ सांगितली कुनीतरी."

सर माझ्याकडे वळले. "मुळे सर, पडद्याकडे आपण होतात. कुणी सांगितलं?"

अध्यक्ष टेबलावरचे कागद सारखे करत होते. मी म्हणालो, "नाही."

एवढंच. एक शब्द.  सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मास्तर खोटं बोलतो हे त्यांच्या डोक्यात बसणारंच नव्हतं. ते दत्तूला म्हणाले, "चुकलं तर चालतं. खोटं बोलू नये." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात माझा कागद सही होऊन आला. पुढच्या वर्षापासून पाठांतराचा दिवस बंद झाला. त्याऐवजी सिनेमाच्या गाण्यांवर नाच. सरांनी विरोध केला नाही. त्यांना वाटलं, चूक त्यांचीच. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. दत्तूनं नववीत शाळा सोडली. तोवर गावानं त्याला नाव ठेवलं होतं: डुबक्या.

आज भिंगारमध्ये त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळलेल्या पंपांत नवी तार भरून देतो. नव्या लोकांना वाटतं, पाण्यातल्या मोटारींमुळेच हे नाव पडलं. मी एकवीस वर्षं त्या रस्त्यानं गेलो नाही. घरची मोटार जळली तेव्हा ती रिक्षात घालून नगरला नेली. बायकोनं विचारलं, "इथं जवळ आहे की एक चांगला." मी म्हणालो, "तो उशीर लावतो."

सरांकडे मात्र जात राहिलो. नाताळला करंज्या आणि केक खायला, एरवीही. हा माझा निलाजरेपणा की आणखी काही, मला अजून कळलेलं नाही. त्यांच्यासमोर बसलो की पाय हलत राहायचे. काकू म्हणायच्या, "याच्या मागे कुणी लागलंय का?"

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी एका सकाळी सरांनी फोन करून बोलावलं. सत्त्याहत्तरी गाठलेली, पण आवाजात पोरासारखी घाई. "अरे मुळे, सापडलं. लगेच ये."

गेलो तर अंगणातल्या फरशीवर खडूनं मैदान काढलेलं. अकरा गोल, पाचव्या जागी चौकोन. सर उकिडवे बसून मला दाखवायला लागले.

"हे बघ. हे पिंप, पाचवं झाड. त्या वर्षी मंडपवाल्यांनी गाडी आत घ्यायला ते सरकवलं होतं. कुठं ठेवलं? इथं, तिसऱ्या झाडाला खेटून. परवा जुना शिपाई भेटला, त्यानं सांगितलं. म्हणजे दत्तात्रय शेवटचे चार दिवस पाचवं कडवं कुठं म्हणत होता? तिसऱ्याच्या शेजारी. मग पाचव्यानंतर त्याला दिसणार काय? तिसरं. तीनदा गेला तो तिथं. जाणारच. मी पिंप जागेवर ठेवायला हवं होतं." ते थांबले. "एकवीस वर्षं मला वाटत होतं पोरानं तयारी कच्ची केली आणि वर खोटं बोललं. तयारी पक्की होती रे. पिंप चुकलं होतं. पण मग ते 'आवाज आला' का म्हणालं, ते काही बसत नाही. तेवढंच बसत नाही."

रोज सकाळी काठी टेकत ते मैदानावर जाऊन पावलं मोजत होते, हे मला काकूंनी नंतर सांगितलं.

मी उभाच होतो. बसलो असतो तर कदाचित बोललो नसतो. म्हणालो, "सर, पिंपाचा काही संबंध नाही. आवाज आला होता. तो माझा होता."

त्यांच्या हातात खडू तसाच राहिला.  मी अध्यक्षांचं सांगितलं, वहीचं सांगितलं, चुकलेलं पान सांगितलं. बोलता बोलता माझा पाय एका गोलावर पडला आणि ते झाड पुसलं गेलं. सर ते पुसलेलं झाड बघत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

सर हाताचा आधार घेत उठले. "अहो," त्यांनी आत हाक मारली, "माझी चप्पल." मग मला म्हणाले, "स्कूटर आणलीयस ना?"

रस्ताभर माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता, तो फक्त पडू नये म्हणून.

दुकानात दत्तू स्टुलावर बसून तांब्याची तार भरत होता. सरांना बघून उठला, हात पुसले, प्लास्टिकची खुर्ची फडक्यानं झटकली. "या सर. बसा. ऊन हाय लई." माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

सर उभ्यानंच म्हणाले, "दत्तात्रय, तू त्या दिवशी खरं बोलला होतास. मी तुला खोटारडा म्हणालो. माझं चुकलं. बाकीचं मुळे सर सांगतील."

मग त्यांनी ती खुर्ची उचलली, रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

 दत्तू हातात तार घेऊन थांबला होता. मी सगळं सांगितलं. सलग नाही, तुकड्या-तुकड्यानं. पेपरवेटसुद्धा सांगितला, पण त्याखालचा कागद सांगितला नाही.

ऐकून दत्तू म्हणाला, "मला ठावं हाय सर. आवाज वळखला हुता मी तवाच."

"मग नाव का नाही घेतलंस?"

"तुमी शेजारीच हुता की हुबे. मला वाटलं, तुमी सांगताल." त्यानं तार बोटाला गुंडाळली, सोडली. "का न्हाई सांगितलं पन?"

मी म्हणालो, अध्यक्षांनी सांगितलं होतं. तो म्हणाला, "ते झालं आदीचं. हापिसात का न्हाई सांगितलं?"

 ट्रक गेला. समोरच्या चहावाल्यानं स्टोव्हला पंप मारला. सरांची पाठ तशीच होती, सदरा आता सैल झालेला, मानेवरची सुरकुती खोल. एक गिऱ्हाईक मोटरसायकल लावून पायरी चढलं. "डुबक्या, झाली का रं माझी मोटार? मला रानात जायचंय."

सर मान न वळवता म्हणाले, "बसून घ्या. कविता चालू आहे."

तो माणूस चकित होऊन पायरीवर बसला. दत्तूच्या तोंडावर काहीतरी हललं, हसू म्हणता येणार नाही असं. मी थांबलो. कुणी घाई केली नाही. मग मी म्हणालो, "मला नोकरीत कायम व्हायचं होतं, दत्तू. खरं सांगितलं असतं तर अध्यक्षांनी सही केली नसती. म्हणून. आणि तुझं काय, तू हमालाचा पोरगा, विसरशील, असं वाटलं."

हे शेवटचं वाक्य मी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलेलं नव्हतं.

खुर्चीचे पाय फरशीवर कर्रकन वाजले. सर दोन्ही हातांनी खुर्ची उचलून वळवत होते; दत्तू मदतीला पुढे झाला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. खुर्ची वळली. सर बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते दत्तूकडे बघत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.